पांढरीतलं धन

मी पायाळू. जन्मताना डोकं आधी यायचं, ते माझे पाय आले. सुईणीनं बाहेर येऊन आज्जीला सांगितलं, "पोरगी हाय, पर पायाळू हाय." त्या 'पर'मुळं पोरगी झाल्याचं दुःख निम्मं हलकं झालं, असं आई सांगायची. पायाळू म्हणजे गावाच्या उपयोगाचा माणूस. कुणाची उसण भरली, कंबर धरली, की तो आमच्या सोप्यात येऊन पालथा पडायचा आणि मी त्याच्या कंबरेला तीनदा पाय लावायचा. ज्या पाटलांच्या वाड्यापुढनं आई पदर पुढं ओढून जायची, त्या पाटलांच्या पाठीवर मी पाय दिलाय आणि वर त्यांच्याकडनं गुळाचा खडा घेतलाय. उसण जायची का? काहींची जायची. तशी ती चार दिवसांनी आपोआपही जाते. मी शहाणी झाले तशी आज्जीनंच ते बंद केलं. गड्यांच्या पाठीला पाय लावणं आता बरं दिसत नाही म्हणाली.

पायाळूला दुसरं भय विजेचं. मृगाचं आभाळ गडगडायला लागलं की आई मला अंगणातनं ओढून आत घ्यायची, का तर पायाळूवर वीज पडते. आणि तिसरी गोष्ट धनाची. पायाळू माणसाच्या डोळ्यात एक खास काजळ घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, असं गावोगावी मानतात. आमच्या गावात ते जरा जास्तच मानायचे, कारण आमच्या गावाला गढी होती.

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात, भीमेच्या अंगाला. काळं रान, मालदांडी ज्वारी, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा. जुनी माणसं गावाचे दोनच भाग करायची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे वस्ती. पांढरी ही बोलायची रीत नाही, ती माती खरंच पांढरट असते. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहतात, मातीची घरं बांधतात, ती पडतात, त्यांच्यावरच पुन्हा दुसरी उभी करतात. चुलीतली राख, शेण, कोंडा, गुरांचं मूत, सगळं तिथंच मुरतं. जागेचं हळूहळू टेकाड होतं. पुराणवस्तूंचे जाणकार जुनं गाव हुडकताना आधी असलं पांढरीचं टेकाडच बघतात.

आमची गढी त्या टेकाडावर. खाली पुरुषभर उंचीची काळ्या दगडांची घडीव बांधणी, वर पांढऱ्या मातीच्या भिंती. चार बुरुजांपैकी माझ्या लहानपणी दोन उभे होते, तिसरा अर्धा. आत रहात असलेलं घराणं आमच्या आबांच्याही आधी गाव सोडून गेलेलं. गढीचा उगवतीकडचा उतार आमच्या बांधाला भिडलेला, त्यामुळं गढीवर आमच्या घराचा काही हक्क आहे असं घरातल्या गड्यांना उगीचच वाटायचं. कागदावर ती गावठाणात होती.

गढी पडली ती काही लढाईत तोफा लागून नव्हे. गावानं ती खाल्ली. आमच्याकडची घरं धाब्याची, माळवदाची. माळवदावर पांढऱ्या मातीचा थर दिला की पावसाचं पाणी आत उतरत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात बायका पाट्या घेऊन गढीवर जायच्या आणि गाढवावरनं माती यायची. काही जण रानातही टाकायचे, खत म्हणून. त्या मातीबरोबर बांगड्यांचे तुकडे यायचे, काचमणी यायचे, खापऱ्या तर किती. एखादा ढब्बू पैसा सापडायचा. तो पोरांना खेळायला नाहीतर तांबटाला मोडीत. माझ्या आज्जीच्या कनवटीला एक शिवराई होती, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीला 'छत्रपति'. अक्षरं निम्मी पुसलेली. ती तिला माळवदाच्या मातीत सापडली होती. आज्जीला वाचता येत नव्हतं. देवाचा पैसा म्हणून ती तो जपायची.

एवढं दिसत असताना ह्याच्या खाली मोठं काहीतरी असणार असं माणसाला वाटणारच. त्यात आमच्याजवळ माचणूर. औरंगजेब बादशहानं १६९५ ते १६९९ ह्या काळात तिथं भीमेकाठी ब्रह्मपुरीला छावणी टाकली होती आणि गावाचं नाव इस्लामपुरी ठेवलं होतं. दिल्लीच्या बादशहाचा खजिना चार वर्षं आपल्या उशाशी होता म्हटल्यावर त्यातला एखादा उंट वाट चुकून आमच्या गढीत आलाच असेल, हे आमच्या पारावर सिद्ध झालेलं होतं. उंटाच्या पाठीवर किती हंडे बसतात ह्याचा हिशोबसुद्धा झालेला होता. हंडे अमावस्येला खळखळतात, वर नाग बसलेला असतो, आणि नको तो माणूस खणायला लागला की धन सरकतं. हे सरकणं फार सोयीचं. धन सापडलं नाही तर ते नव्हतंच असं कुणी म्हणायचं नाही, सरकलं म्हणायचं.

१९७२चा दुष्काळ आला तेव्हा मी आठ वर्षांची. आई-आण्णा खडी फोडायला जायचे. घरात लाल मिलोची भाकरी. शाळेत सुकडी मिळायची. धाकटे चुलते, तात्या, कामावर जायचे पण त्यांचं मन खडीत नव्हतं. कुठनं तरी त्यांनी एक जाणता आणला. अंगात काळा सदरा, बोलणं कमी. आण्णा रातपाळीला पाण्याच्या टँकरवर होते त्या रात्री तात्यांनी मला उठवलं. "चल, जत्रंला जायचंय," म्हणाले. गढीवर कंदील होता, लिंबं होती, आणखी चार गडी होते. त्या माणसानं माझ्या डोळ्यात काजळ घातलं. ते झोंबलं. मग तळहातावरही काजळाचा ठिपका लावला आणि विचारलं, "काय दिसतंय? पायऱ्या दिसत्यात का? बाई दिसती का?" मला कंदील दिसत होता आणि तात्यांचे पाय. मी म्हणाले, "मला भूक लागलीया."

मागं बुट्टीत एक कोंबडं होतं, ते फडफडत होतं. आज मी ते लिहिते तेव्हा मला त्या कोंबड्याचंच जास्त आठवतं. तो माणूस हलक्या आवाजात तात्यांना काहीतरी म्हणाला आणि तात्या "न्हाई न्हाई, तसलं काय न्हाई" म्हणाले. ते 'तसलं' म्हणजे काय, हे मला पुष्कळ वर्षांनी, वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून कळलं. तेवढ्यात खालनं आज्जीचा आवाज आला. अंधारात ती म्हातारी, हातात उखळातली मुसळ घेऊन चढून आली होती, आणि मागं काकू, म्हणजे तात्यांची बायको. काकूनंच तिला उठवलं होतं. आज्जीनं मला उचललं, पदरानं माझे डोळे पुसले आणि त्या गड्यांना एवढंच म्हणाली, "पोरीच्या डोळ्याला पाणी आलं तर एकेकाचं डोळं काढीन." दुसऱ्या दिवशी घरात ह्यावर कुणी बोललं नाही. आण्णांना कधी सांगितलं का, मला ठाऊक नाही. आईला काकूनं सांगितलं, कारण त्यानंतर दोन वर्षं आई मला रात्री आपल्या आणि भिंतीच्या मधे झोपवायची.

२०१३ साली, २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. गुप्तधन काढून देतो म्हणून अघोरी कृत्य करणं हा त्यात गुन्हा धरलाय. मी तो कायदा शाळेत पोरांना वाचून दाखवला. वाचताना घसा मधेच बसला, पण पोरांना वाटलं बाईंना खोकला झालाय.

तात्यांचं वेड सुटलं नाही. पुढची पंधराएक वर्षं कोण ना कोण जाणता यायचा. कुणी नारळ फिरवायचा, कुणी वाकवलेल्या तारा दोन मुठीत धरून चालायचा. तात्यांचा वाटा साडेतीन एकर होता, त्यातला ओढ्याकडचा एकर असल्या जाणत्यांच्या दक्षिणेत आणि खणणाऱ्यांच्या रोजात गेला. काकूच्या पाटल्या त्याच्याही आधी गेल्या. तात्या गेले तेव्हा गढीत जागोजाग खड्डे होते आणि एक बुरूज कमी.

त्याच २०१३च्या उन्हाळ्याची ही गोष्ट. वटहुकूम निघायच्या तीन-चार महिने आधीची. तेव्हाही दुष्काळच. गुरं चारा छावणीत, माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून. सुट्टीला मी गावी गेले होते. तात्यांचा नातू, म्हणजे माझ्या चुलतभावाचा पोरगा, बारावीपर्यंत शिकलेला, हुशार. त्यानं डाळिंब लावलं होतं. पहिल्या दोन बहारांत पैसे झाले, मग तेल्या आला, मग पाणी गेलं. पाचशे फुटांची दोन बोअरं कोरडी गेली. सोसायटीचं कर्ज अंगावर. पोरगं दिवसभर पारावर मोबाईल बघत बसायचं, आणि त्या मोबाईलमधनंच त्याला ते यंत्र दिसलं. मेटल डिटेक्टर. पुण्याकडच्या कुणाकडनं वापरलेलं बत्तीस हजारांना आणलं. कशाचे बत्तीस हजार, तर बायकोच्या गंठणाचे.

मला म्हणाला, "आत्या, ह्यात अंधश्रद्धा न्हाई. हे सायन्स हाय."

आणि ते खरं होतं. मी त्याच्याबरोबर दोन दिवस फिरले. मला त्या यंत्राचा राग होता तसं कुतूहलही होतं. मी मास्तरीण, मला कुठली वस्तू कशी चालते ते समजल्याशिवाय चैन पडत नाही. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, चकतीत तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यातनं वीज उलटसुलट फिरते आणि चकतीखाली चुंबकाचं क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असला की त्या धातूत बारीक भोवऱ्यासारखा प्रवाह उठतो, तो आपलं उलट क्षेत्र तयार करतो, आणि यंत्राला ती चाहूल लागते. लोखंड असलं की घोगरा आवाज, तांबं-चांदी असली की बारीक, उंच. पैशाएवढी वस्तू वीतभर, फार तर दीड वीत खोलीवर कळते. मोठी असली तर आणखी खाली. मोबाईलवरच्या व्हिडिओत ते यंत्र दहा-दहा फुटांवरचे हंडे दाखवतं. प्रत्यक्षात ते तसं करत नाही. शंभर फुटांवरनं सोनं ओढून दाखवणाऱ्या अँटेनाच्या कांड्याही विकायला असतात. त्या म्हणजे तात्यांच्या जाणत्याच्या वाकवलेल्या ताराच, फक्त त्यांना प्लास्टिकची मूठ आणि दिवा लावलेला.

पण आमच्या जमिनीनं त्या यंत्राला रडवलं. आपला हा सगळा मुलूख काळ्या दगडाचा. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा तो दगड, त्यात लोखंडाचा अंश, आणि त्याच दगडाची झीज होऊन काळी माती झालेली. यंत्र काळ्या रानात नेलं की बोंबलायला लागायचं. गढीच्या पायाच्या दगडांजवळ तर ऐकवत नव्हतं, नुसतं कोकलायचं. पोरगं बटणं फिरवून फिरवून जमिनीचा आवाज दाबायला बघायचं. तो दाबला की बारीकसारीक धातूचा आवाजही त्याबरोबर दबायचा. "दगडातच सोनं हाय का काय!" असं बघायला आलेलं एक म्हातारं म्हणालं. त्या म्हाताऱ्यानं सगळी जन्मभर त्या काळ्या रानात ज्वारी केली होती. मला त्याचं बोलणं आवडलं, पण पोरगं चिडलं.

मग ते पांढरीवर आलं. तिथं यंत्र जरा शहाण्यासारखं वागायचं. पहिल्या दिवशी काय निघालं? ठोकून केलेले चौकोनी खिळे, पसाभर. बैलाच्या खुराची पत्री, झिजून कागदासारखी झालेली. बाभळीच्या काट्यात अडकलेलं पत्र्याचं झाकण. बाटल्यांची बुचं. आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं, कारण गढीच्या आडोशाला गावातली माणसं सकाळी काय करायला जातात ते सांगायला नको, आणि हल्ली प्रत्येकाला कसली ना कसली गोळी असतेच. ह्या पाकिटांनी पोरगं वैतागलं. पण ती सोडताही येत नव्हती. औषधाच्या पाकिटाचा चंदेरी पत्रा आणि सोन्याची बारकी वस्तू ह्यांचा आवाज यंत्राला जवळजवळ एकसारखाच येतो. कचऱ्याचा आवाज बंद करायची सोय यंत्रात होती, पण ती दाबली की सोनंही त्याबरोबर बंद. म्हणून प्रत्येक पाकिटासाठी खड्डा.

दुसऱ्या दिवशी तांब्याचं निघालं. एक ढब्बू पैसा, अक्षर न राहिलेला. शिशाची एक गोळी, बोराएवढी, एका अंगाला चेपलेली. ती कुणावर तरी झाडलेली असणार आणि कशाला तरी लागलेली असणार. आणि बैलाच्या घागरमाळेतलं एक पितळी घुंगरू. त्यातला खडा अजून आत होता. माती झटकून त्यानं ते हलवलं तर वाजलं. तेवढा एक क्षण तो पोरगा सोनं विसरला. मला दिलं त्यानं ते. माझ्याकडं आहे.

मी त्याला विचारलं, "गोळी कुठं घावली?"

"हितंच की. त्या अंगाला."

"किती खोल? घुंगराच्या वर का खाली?"

"आत्या, त्यानं काय हुतंय?"

त्यानं काय होतं, ते मला त्याला नीट सांगता येत होतं, कारण मी पोरांना सहलीला दायमाबादची गोष्ट सांगायची. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठावर दायमाबाद. १९७४ साली तिथं एका आदिवासी शेतकऱ्याला झाडाचं खोड उपटताना काशाचे चार पुतळे सापडले. बैलजोडीचा रथ आणि रथात उभा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतातली फार मोठी गोष्ट. पुढं तिथं रीतसर उत्खनन झालं, जुन्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. पण ते चार पुतळे ज्या मातीत होते ती माती आधीच उकरली गेली होती. कुठल्या थरात, कुठल्या भांड्यासोबत, कुणाच्या घरात ते होते हे हाती राहिलं नाही. म्हणून त्यांचं वय काय ह्यावर जाणकारांत अजून वाद आहे. साठ किलो काशाला आपलं वय सांगता येईना, तिथं ह्या गोळीची काय कथा!

मी हे सांगितलं. पोरग्याच्या कानावर त्यातलं एकच पडलं. "म्हंजे घावतंय की! साठ किलो!"

"त्याच्याकडं यंत्र नव्हतं. तो खोड काढत होता."

"यंत्र असतं तर आणि घावलं असतं."

ह्यावर काय बोलणार? आपल्याच भागात तेर आहे. बार्शीवरनं पुढं गेलं की तेरणाकाठचं ते गाव. दोन हजार वर्षांपूर्वी तिथला माल पार रोमपर्यंत जायचा. तिथल्या पांढरीत पावसानंतर मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येतात. गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जन्मभर गोळा करून ठेवल्या. त्या साठ्यावर आज तिथं सरकारी संग्रहालय उभं आहे, त्यांच्याच नावाचं. तिथं एक हस्तिदंताची बाहुली आहे, तिच्यासारखीच एक इटलीत पोम्पेईच्या राखेतनं निघाली. मी दरसाल पोरांना तिथं न्यायची. आणि आमच्या जिल्ह्यातच, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल. तिथं संगमेश्वराच्या देवळाच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो वाचून पुढं आणला. शेजारचं हरिहरेश्वराचं देऊळ तर गाळात गाडलेलं होतं, गेल्या शतकाच्या शेवटी ते उकरून काढलं. धन हे असलं असतं, असं मला वाटायचं. पण ज्याच्या दारात सोसायटीचा सचिव उभा आहे त्याला हस्तिदंती बाहुली दाखवून काय उपयोग, हेही मला कळत होतं. माझा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर पडत होता.

तिसऱ्या दिवशी यंत्र उरलेल्या बुरुजाच्या पायाशी फार जोरात ओरडलं. रुंद आवाज, चार हात लांबपर्यंत तसाच. पोरगं घामानं भिजलं. "आत्या, हे भांडं हाय. मोठं." मी म्हणाले दगड असेल. दुसरं कुणी म्हणालं गाडीची धाव असेल, गाड्याच्या चाकाची लोखंडी पट्टी. संध्याकाळपर्यंत गावात हंडा सापडल्याची बातमी झाली, रात्री ते सात हंडे झाले, आणि सकाळी जेसीबी आला. तासाच्या भाड्यानं. हंडा निघाला तर जेसीबीवाल्याला दोन आणे वाटा, असंही ठरलं होतं म्हणे.

बुरुजाच्या खालच्या अंगाला तीन घरं. पत्र्याची, गरिबांची. बुरूज मातीचा, आधीच तडा गेलेला, आणि त्याचा पाया उकरायचा. ती माणसं दारात उभी राहून बघत होती. कुणाला बोलावं ते त्यांना कळत नव्हतं. मी जेसीबीवाल्याला कायदा सांगायला गेले. १८७८चा निखात निधीचा कायदा. दहा रुपयांच्या वरचं काहीही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलेलं नाही आणि कुणी मालक पुढं येत नाही असं ठरलं तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक हिस्सा जागेच्या मालकाला. इंग्रजांनी १८७८ साली दहा रुपये म्हटलं, तेव्हा दहा रुपयांना किंमत होती. कायद्यात ते तसंच राहिलं. जेसीबीवाला हसला. "बाई, दहा रुपयात च्या येतो." मग मी म्हणाले, ही जागा गावठाणाची आहे, तलाठी पंचनामा करील, बिनपरवाना माती उचलली म्हणून मशीन जप्त होईल. तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. जन्मठेप सांगितली असती तरी तो एवढा दचकला नसता. मशीनचे हप्ते चालू होते त्याचे.

तरी तो गेला नसता. पोरगं त्याला दुप्पट भाडं द्यायला तयार झालं होतं. तेवढ्यात काकू आली. तेव्हा सत्तरीच्या पुढची, गुडघ्यानं हैराण. कुणाचा हात न धरता ती टेकाड चढली, त्या जागेवर आली आणि यंत्र जिथं ओरडत होतं बरोबर तिथं फतकल मारून बसली. तोंडात मिश्रीचं बोट. नातवाकडं बघितलंसुद्धा नाही.

"आज्जी, ऊठ. लागंल."

"लागू दे."

"आगं समद्यांचं कर्ज फिटंल, आज्जी."

"तुझ्या आज्ज्यानं बी हेच म्हणलं हुतं," काकू म्हणाली. "ह्या ढिगाऱ्यात माझ्या पाटल्या हायत, माझा ओढ्याचा एकर हाय. खाली काय हाय ते मला ठावं न्हाई. मी काय घातलंय ते मला ठावं हाय." मग माझ्याकडं बोट केलं. "ह्या पोरीला बी घालायला निघाला हुता. ती रात मी इसरली न्हाई."

सगळ्यांसमोर, चाळीस वर्षांनी, पहिल्यांदा ते कुणीतरी बोललं. पोरग्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. तो यंत्राचा दांडा हातात धरून तसाच उभा राहिला. जेसीबीवाल्यानं मशीन मागं घेतली. डिझेलचे पैसे मात्र त्यानं मोजून घेतले.

बुरुजाखाली काय होतं ते अजून कुणाला माहीत नाही. पारावर अजून सात हंडेच आहेत.

कर्ज काही लगेच फिटलं नाही. त्यानं दोन वर्षं साखर कारखान्यावर रोजंदारी केली, डाळिंब काढून टाकलं, मग पाऊस झाला तशी तूर आणि ज्वारीवर आला. गंठण अजून झालेलं नाही, त्याची बायको मला प्रत्येक दिवाळीला सांगते. त्यानं घेतलेले खड्डे पावसानं भरले. शिशाची गोळी त्यानं मागं मंगळवेढ्याच्या एका मास्तरांना दाखवायला नेली आणि ती तिकडंच राहिली.

यंत्र आहे. ते ज्वारीच्या कणगीमागं खिळ्याला टांगलेलं असतं, सेल काढून ठेवलेले. मागच्या वर्षी शेंगा काढताना वरच्या आळीतल्या एका सुनेचं कानातलं फूल पडलं. अर्ध्या ग्रॅमचं असेल, पण माहेरचं. सगळं रान उपटलेलं, वेलांचे ढीग, माती उलथीपालथी झालेली. पोरगी रडून रडून बेजार, सासूनं दिवसभर तोंड सोडलेलं. कुणीतरी ह्याला हाक मारली. ह्यानं सेल घातले आणि त्या रानात दोरी लावून पट्ट्या पाडल्या, जसं मी त्याला एकदा उत्खननाचं चित्र दाखवलं होतं तसं. एकेक पट्टी सावकाश. काळी जमीन, यंत्र कुरकुरत होतंच. एक औषधाचं पाकीट निघालं, नांगराचा एक नट निघाला, आणि तिसऱ्या पट्टीत, चार बोटं मातीखाली, फूल निघालं. सुनेनं ते तोंडात घालून माती चोखून काढली आणि तिथंच कानात घातलं.

सासूनं त्याला दोन पायल्या शेंगा दिल्या. आता आसपासच्या चार गावांतनं फोन येतो. परवा नदीकाठच्या एका गावातनं आला होता, मंगळसूत्रातली वाटी कडब्याच्या गंजीत पडलीय म्हणून. मी तिथंच बसले होते. फोनवरच्या बाईला त्यानं पहिलं विचारलं, "वाटी शेवटची कुटं बगितली हुती? आन् गंजी त्याच्या आदी रचली का नंतर?"